तकरार, मुईद आणि मॉनिटर

मराठीत ‘तक्रार’ म्हणजे गाऱ्हाणं. उर्दूत ‘तकरार’ म्हणजे हुज्जत, वादावादी. अरबीतला मूळ अर्थ मात्र अगदी साधा आहे, पुन्हा पुन्हा करणं. मुशायऱ्यात शेर आवडला की श्रोते ‘मुकर्रर’ म्हणून ओरडतात, तो शब्दही याच धातूतला. पुन्हा म्हणा, एवढाच त्याचा अर्थ. एकच गोष्ट कुणी सारखी बोलत राहिलं की ऐकणाऱ्याला ते गाऱ्हाणंच वाटू लागतं, त्यामुळे मराठीत आल्यावर शब्दाने हे वळण घेतलं यात नवल नाही.

भारतातल्या मदरशांत हा शब्द आजही जुन्याच अर्थाने रोज वापरला जातो. दिवसभराचे सबक संपतात, मगरिब किंवा इशाची नमाज होते आणि मुलं पाच-दहाच्या टोळक्याने मशिदीच्या सहनात किंवा वर्गाच्या कोपऱ्यात बसतात. त्यांच्यातलाच एकजण सकाळी उस्तादांनी शिकवलेला धडा पहिल्यापासून मांडतो. बाकीचे त्याला अडवतात, शंका काढतात, ‘उस्ताद असं म्हणाले नव्हते’ म्हणून भांडतातही. याला तकरार म्हणतात. तकरार करवणारा शिक्षक नसतो. तो त्याच वर्गातला, त्याच दस्तरखानावर जेवणारा मुलगा असतो. १८६६मध्ये देवबंदच्या छत्ता मशिदीत डाळिंबाच्या झाडाखाली जे मदरसा सुरू झालं, तिथल्या तालबे-इल्मांच्या आठवणींत तकरारीच्या बैठकी हमखास येतात. उत्तम तकरार करवतो अशी ज्याची ख्याती, तो पुढे उत्तम उस्ताद होणार असं मदरशांत धरून चालतात.

मदरसा म्हटलं की घोकंपट्टी, एवढंच ज्यांच्या डोळ्यांसमोर येतं, त्यांनी एखाद्या संध्याकाळी ही बैठक जाऊन बघावी.

हे आज आठवायचं कारण वेगळं आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या कॉलेजांत ‘पीअर मेंटॉर’ नावाचा प्रकार रुजू लागलाय. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना निवडायचं, दोन-चार दिवसांचं प्रशिक्षण द्यायचं आणि पहिल्या वर्षाला आलेल्या आठ-दहा जणांची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवायची. आयआयटी मुंबईसारख्या संस्थेत ही पद्धत चांगली मुरलेली आहे. इतर कॉलेजं आता तिचं अनुकरण करताहेत. यावर जे काही लिहिलं-बोललं जातं त्यात हे सगळं अमेरिकेतून आलेलं, व्यवस्थापनशास्त्रातलं नवं काहीतरी, असा सूर असतो. मला तसं वाटत नाही. विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला शिकवण्याच्या इतिहासात दोन जुन्या वाटा दिसतात. एक बगदादहून निघते, दुसरी मद्रासमार्गे लंडनला जाते. आपली कॉलेजं यातल्या कुठल्या वाटेवर आहेत, हे बहुतेकांच्या लक्षात आलेलं नाही.

आधी बगदाद. सेल्जुकांचा वजीर निजामुल्मुल्क याने १०६७मध्ये तिथे निजामिया मदरसा उघडला. इमाम गजाली पुढे इथेच शिकवायचे, म्हणून हे नाव आपल्याकडेही माहीत आहे. पण या मदरशासाठी पहिली निवड झाली ती अबू इसहाक शिराझी यांची. मोठा मानी माणूस. मदरशाची जागा आणि सामान जोरजबरदस्तीने मिळवलंय अशी शंका आल्यावर हे गृहस्थ उद्घाटनाला फिरकलेच नाहीत. वीसेक दिवस दुसऱ्याने शिकवलं, मग कुठे ते राजी झाले. हे शिराझी तरुणपणी बगदादेत अबू तय्यब तबरी यांच्याकडे शिकत होते आणि त्यांच्या वर्गाचे ‘मुईद’ होते.

मुईद म्हणजे परत आणणारा, पुन्हा सांगणारा. उस्ताद शिकवून गेले की मुईद बसायचा आणि तोच धडा सोबत्यांकडून पुन्हा करून घ्यायचा. कुणाचं कुठे अडलंय ते त्याला कळायचं, कारण गेल्या वर्षी तोही तिथेच अडलेला असायचा. एकेक धडा आपण शंभर शंभर वेळा घोटत असू, असं शिराझी सांगत, ही आठवण त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. असा माणूस मुईद होतो याचं मला विशेष वाटतं. ज्याला एकदा ऐकून सगळं कळतं तो बहुधा चांगला मुईद होणार नाही. ज्याला शंभर वेळा करावं लागलं, त्याला नव्वद ठिकाणचे खाचखळगे ठाऊक असतात.

हळूहळू हे रीतसर पद झालं. खलिफा मुस्तनसिर याने तैग्रिसच्या काठावर बांधलेला मुस्तनसिरिया मदरसा १२३४मध्ये सुरू झाला. त्याची इमारत अजून उभी आहे. तिथे सुन्नींच्या चारही फिकही पंथांची सोय एका छताखाली केली होती. प्रत्येक पंथाचे ६२ विद्यार्थी, एक मुदर्रिस आणि चार मुईद. साधा हिशोब केला तर पंधरा-सोळा मुलांमागे एक मुईद पडतो. आजच्या कॉलेजांत एका मेंटॉरकडे जेवढी मुलं देतात, त्याच्या आसपासचाच हा आकडा. आणि मुईदाला तनखा होता. वक्फनाम्यांत मुदर्रिसाला किती, मुईदाला किती, विद्यार्थ्याला किती हे लिहून ठेवलेलं असायचं. मुईदाचा वाटा विद्यार्थ्यापेक्षा जास्त, मुदर्रिसापेक्षा कमी. जॉर्ज मकदिसी या अभ्यासकाने १९८१मध्ये ‘द राइज ऑफ कॉलेजेस’ या ग्रंथात मदरशांतल्या या पदांची तपशीलवार मांडणी केली आहे. मुईदाशिवाय ‘मुफीद’ नावाचंही एक पद होतं. पुढे गेलेला विद्यार्थी सोबत्यांना अवांतर उपयुक्त माहिती पुरवायचा, तो मुफीद.

चौदाव्या शतकात दमास्कसचे काजी ताजुद्दीन सुबकी यांनी एक मजेशीर पुस्तक लिहिलं. सुलतानापासून खालपर्यंत कुठल्या पदावरच्या माणसाने काय करायला हवं आणि तो काय करत नाही, याची त्यात झाडाझडती आहे. पुस्तकाच्या नावातच ‘मुईद’ शब्द आहे, अल्लाहच्या नेमती परत आणणारा या अर्थाने. त्यात मदरशाच्या मुईदावरही एक नोंद आहे. सुबकींचं म्हणणं थोडक्यात असं, की मुईदाने नुसता धडा ऐकून भागत नाही. काही विद्यार्थ्यांना समजावणं, त्यांच्या उपयोगी पडणं, हे त्याच्यावर जास्तीचं ओझं आहे. ते उचललं नाही तर तो आणि बाकीचे विद्यार्थी सारखेच, मग त्याला वेगळा तनखा कशाला? म्हणजे काम न करता पद उबवणारे मुईद तेव्हाही होते. प्रमाणपत्रापुरते मेंटॉर आज असतात, त्यांचे पूर्वज म्हणायचे.

मुईदाने काय करायचं नाही, हेही इथे लक्षात घ्यायला हवं. हजेरी घ्यायची नाही, शिक्षा करायची नाही, उस्तादांकडे नावं पोहोचवायची नाहीत. सुबकींच्या नोंदीत त्याचं कर्तव्य सोबत्यांच्या बाजूने सांगितलंय. इजिप्तच्या विद्यापीठांत कनिष्ठ अध्यापकाला आजही ‘मुईद’च म्हणतात.

आपल्याकडच्या मदरशांत पिढ्यान्‌पिढ्या वाचलं जाणारं जर्नूजींचं ‘तालीमुल मुतअल्लिम’ हे छोटं पुस्तक साधारण १२००च्या आसपासचं. विद्यार्थ्याने कसं शिकावं, सोबती कसा निवडावा, याचं ते हस्तपुस्तक. त्यात ते म्हणतात की महिनाभराच्या पाठांतरापेक्षा सोबत्याबरोबर तासभर केलेली चर्चा बरी. आणि ती चर्चा जिंकण्यासाठी नसावी, राग आणि आरडाओरडा तिच्यात नसावा. मेंटॉरच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी जे शिकवतात त्यातलं निम्मं एवढ्यात आलं.

आता दुसरी वाट. तिची सुरुवात धुळाक्षरांपासून होते. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री १७८७मध्ये मद्रासला उतरला आणि दोन वर्षांनी एग्मोरच्या अनाथाश्रमाचा प्रमुख झाला. कंपनीच्या गोऱ्या शिपायांची, बहुतेक देशी आयांच्या पोटची मुलं तिथे होती. शिक्षक कामचुकार, मुलं कंटाळलेली. एकदा घोड्यावरून जाताना बेलने एका देशी शाळेत मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना पाहिली. आपल्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर हेच चालायचं. बेलने अनाथाश्रमात वाळू आणवली, पण शिक्षक ऐकेनात. मग त्याने फ्रिस्किन नावाच्या आठेक वर्षांच्या पोराला धाकट्यांच्या वर्गावर नेमलं. पोराने ते काम चोख केलं. त्यानंतर बेलने आख्खी शाळाच मुलांच्या जोड्यांवर बसवली, एक शिकवणारा, एक शिकणारा. १७९७मध्ये लंडनमध्ये त्याने या प्रयोगावर पुस्तिका काढली. ‘मद्रास पद्धत’ हे नाव तिथून रूढ झालं.

मोठी मुलं लहानांना शिकवतात ही रीत या देशात बेल येण्याआधीपासून होती. बेल्लारीचा कलेक्टर कँपबेल याने १८२३च्या आपल्या अहवालात देशी शाळांतल्या या रीतीची तारीफ केली आणि इंग्लंडने तिचं अनुकरण केलं ते योग्यच झालं, असं लिहून ठेवलं. धरमपालांच्या पुस्तकामुळे हा अहवाल अलीकडे पुष्कळांच्या वाचनात आला. ‘सगळं आमचंच होतं’ म्हणणाऱ्यांना तो फार आवडतो. पण आपल्याकडून गेलेल्या या रीतीचं तिकडे पुढे काय झालं, ते कुणी सांगत नाही.

लंडनच्या बरो रोडवर जोसेफ लँकेस्टर या क्वेकर तरुणाने १७९८मध्ये गरिबांसाठी शाळा काढली. मास्तर ठेवायला पैसे नव्हते म्हणून मुलांमधूनच ‘मॉनिटर’ नेमले. त्याचा दावा असा, की या पद्धतीने एक मास्तर हजार मुलांना शिकवू शकेल. वाचनाचा मॉनिटर, पाट्यांचा मॉनिटर, गैरहजरांची चौकशी करणारा मॉनिटर. त्यांना बिल्ले, बक्षिसं. खोडकर मुलाच्या मानेत लाकडी ओंडका, नाहीतर त्याला टोपलीत घालून छताला टांगायचं. छडी नको म्हणणाऱ्या क्वेकर माणसाच्या डोक्यातून या शिक्षा निघाल्या. कारखान्यांच्या इंग्लंडला ही शाळा पसंत पडली, कारण ती स्वस्त होती आणि शिस्तीत चालायची. बेलचे आणि लँकेस्टरचे अनुयायी पुढे श्रेयासाठी आपसांत भांडत बसले. पद्धत मात्र जगभर गेली, आणि फिरून मुंबई इलाख्यातही आली.

आपल्याला त्यातून शेवटी काय उरलं? वर्गाचा मॉनिटर. बाई बाहेर गेल्या की खडू घेऊन फळ्याशी उभा राहणारा आणि बोलणाऱ्यांची नावं लिहिणारा. मुईद सोबत्याची अडचण सोडवायला बसायचा, मॉनिटर सोबत्यावर नजर ठेवायला उभा राहिला.

तरी या मुंबईतच दुसरं उदाहरणही घडलं. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी १८४८मध्ये ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. प्रो. पॅटन त्यांच्या पाठीशी होते, पण काम पोरांचं. पुढल्याच वर्षी त्यांनी मुलींचे वर्ग सुरू केले. दादाभाई नौरोजी तेव्हा चोवीस वर्षांचे. सकाळी आपापल्या कामाआधी हे तरुण फुकट शिकवायचे. मुलींना पाठवा म्हणून घरोघर हिंडताना कुणी जिन्यावरून ढकलून द्यायची भाषा केली, पण ते थांबले नाहीत. मराठी मुलींच्या वर्गाला जगन्नाथ शंकरशेटांनी गिरगावात जागा दिली. अलीगढलाही पुढे १८९०च्या सुमाराला साहिबजादा आफताब अहमद खान या विद्यार्थ्याने ‘अंजुमन-अल-फर्ज’ स्थापन केली. गरीब सोबत्यांच्या फीसाठी मुलं सुट्टीत गावोगाव वर्गणी मागत. हाच आफताब पुढे त्या विद्यापीठाचा कुलगुरू झाला.

आता जरा अलीकडे येऊ. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात यूरी ट्रीसमन नावाचा गणिताचा तरुण अभ्यासक एका प्रश्नामागे लागला होता. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास का होतात? प्राध्यापकांची उत्तरं ठरलेली होती. तयारी कमी, घरचं पाठबळ नाही, जिद्द नाही. ट्रीसमनने वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांच्या मागे राहून ते प्रत्यक्ष अभ्यास कसा करतात ते पाहिलं. कृष्णवर्णीय मुलं मेहनती होती, शिस्तीची होती आणि एकटी होती. खोलीत दार लावून अभ्यास करायची, अडलं तर अडलेलंच राहायचं. चिनी मुलं आधी एकेकटी गणितं सोडवायची, मग रात्री एकत्र जमून ताडून पाहायची. जेवण तिथेच, एकमेकांच्या चुका काढणं तिथेच, कुठले प्रोफेसर परीक्षेत काय विचारतात ही बातमीही तिथेच. ही तकरारच होती. ट्रीसमनने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी अशी गटाने बसायची व्यवस्था केली, तीही ‘कच्च्यांचा वर्ग’ अशी पाटी न लावता, उलट अवघड गणितं देऊन. नापासांचं प्रमाण झपाट्याने खाली आलं.

त्याच सुमाराला, १९७३मध्ये, मिसूरी-कॅन्सस सिटी विद्यापीठात डीआना मार्टिन यांनी ‘सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन’ सुरू केलं. आज जगभरच्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांना याचं प्रशिक्षण देतात. तो विषय आधी चांगल्या गुणांनी पास झालेला विद्यार्थी निवडायचा. त्याने पुन्हा वर्गात जाऊन बसायचं, वही काढून टिपणं घ्यायची. मग आठवड्यातून ठरावीक वेळी बैठक भरवायची. प्रशिक्षणात त्याला सगळ्यात जास्त घोटून घेतात ते एकच, की स्वतः लेक्चर झोडायचं नाही. प्रश्न आला की तो दुसऱ्याकडे वळवायचा, गप्प राहायला शिकायचं. आणि हा कार्यक्रम ‘अवघड विद्यार्थ्यां’साठी नसतो, ‘अवघड विषयां’साठी असतो. त्यामुळे तिथे जायला कुणाला लाज वाटत नाही. अकराव्या शतकातल्या बगदादच्या माणसाला हे वर्णन ऐकवलं असतं तर त्याने काय नवीन म्हणून विचारलं असतं.

ट्रीसमनची गोष्ट वाचताना मला आपली कॉलेजं दिसतात. ज्यांच्या घरात, गल्लीत, जातीत दोन पिढ्या कॉलेजला गेलेल्या आहेत, त्यांना मुईद आपोआप मिळतो. चुलतभाऊ जुनी जर्नल्स देतो, शेजारची ताई कुठला विषय घ्यायचा ते सांगते, स्कॉलरशिपचा फॉर्म कधी निघतो आणि एटीकेटी लागली तर आभाळ कोसळत नाही, हे जेवताना कानावर पडतं. जे घरातले पहिले, त्यांना यातलं काहीच मिळत नाही. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालात एक नोंद होती. देशातल्या नावाजलेल्या कॉलेजांत पदवीच्या दर २५ विद्यार्थ्यांत एक मुस्लिम, पदव्युत्तर पातळीवर ५०मध्ये एक. आपण त्या आकड्यावर खूप लेख लिहिले. पण त्या पन्नासांतल्या एकाचा दिवस कसा जातो? त्याला शंका विचारायला कोण आहे? आदिवासी पाड्यावरून आलेल्या मुलीला, भटक्या जमातीतल्या मुलाला कोण आहे? आपण ज्याला गळती म्हणतो, तिची सुरुवात पुष्कळदा अशाच एका न विचारलेल्या शंकेपासून होते.

म्हणून प्रशिक्षणात काय शिकवतात हे महत्त्वाचं ठरतं. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या कॉलेजात नुकतंच तीन दिवसांचं मेंटॉर-प्रशिक्षण झालं. तिने मला वही दाखवली. जोडीने बसायचं, एकाने दोन मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने हूं-चूं न करता ऐकायचं. मग ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. तिच्या म्हणण्याप्रमाणे हेच सगळ्यात जड गेलं, कारण प्रत्येकाला अर्ध्या मिनिटात सल्ला द्यायची घाई झाली होती. पैसे उसने द्यायचे नाहीत. दुसऱ्याची असाइनमेंट लिहून द्यायची नाही. सांगितलेली गोष्ट चारचौघांत बोलायची नाही, पण कुणी जीव देण्याची भाषा केली किंवा कुणाकडून छळ होत असल्याचं कळलं, तर मात्र ते पोटात ठेवायचं नाही, त्याच दिवशी समुपदेशकाकडे जायचं, आणि तसं त्या मुलाला आधीच सांगून ठेवायचं. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना हे सगळं कुणीतरी नीट शिकवतंय, याचा मला आनंद झाला.

वहीच्या शेवटी एक तक्ता चिकटवलेला होता. दर आठवड्याला भरून द्यायचा. आपल्या गटातले कोण लेक्चर बुडवतात, कोण मोबाइलवर असतात, कुणाचं ‘वर्तन’ कसं आहे. मी तो वाचत होतो तर ती म्हणाली, “मामू, मी हे लिहून देते असं त्यांना कळलं तर ती मला काय सांगणार?”

तीन दिवस मुईद घडवायचा आणि चौथ्या दिवशी त्याच्या हातात खडू देऊन त्याला फळ्यापाशी उभं करायचं, असा हा प्रकार. कॉलेजवाल्यांचा हेतू वाईट नसेल. नॅकच्या फाइलीत कागद लागतात, हेही मला कळतं. कागदच हवा असेल तर किती बैठकी झाल्या, किती जण आले, कुठल्या विषयात मुलं अडली, एवढं लिहून घ्या. नावं कशाला?

दुसरी गोष्ट पैशाची. बगदादचा मुईद फुकट राबत नव्हता, वक्फातून त्याला तनखा होता आणि म्हणून सुबकी त्याला जाबही विचारू शकत होते. आपल्याकडे मेंटॉरला प्रमाणपत्र देतात आणि ‘सेवाभाव’ शिकवतात. फुकट काम परवडतं कुणाला? ज्याला घरून पैसे येतात त्याला. जो मुलगा संध्याकाळी डिलिव्हरीच्या फेऱ्या मारतो, जी मुलगी शिकवण्या घेते, ती मेंटॉर होणार नाहीत. आणि नव्या मुलांना नेमकी त्यांचीच गरज आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ला सगळ्या जातीधर्मांच्या मुलांचं वसतिगृह काढलं. १९४७मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं, तिथे मुलं काम करून शिकली. त्या ‘कमवा व शिका’ योजनेत आजही विद्यार्थी ग्रंथालयात पुस्तकं लावतात, बागेला पाणी घालतात, ऑफिसात नोंदी करतात आणि तासाप्रमाणे पैसे मिळवतात. सोबत्यांची तकरार करवून घेणं हेही त्या यादीत बसायला हरकत नाही. त्यासाठी नवा जीआर लागणार नाही, प्राचार्यांची सही पुरेल.

भाचीने आणि तिच्या तीन मैत्रिणींनी तो तक्ता कोरा ठेवायचं ठरवलंय. समन्वयक मॅडमना तसं लेखी कळवलंय, उत्तर यायचंय. तोवर दर शुक्रवारी चार वाजता केमिस्ट्रीच्या जुन्या प्रयोगशाळेत बैठक चालू आहे. पहिल्या आठवड्यात दोन मुली आल्या होत्या, परवा नऊ. त्यातल्या चौघींना मोलॅरिटी आणि मोलॅलिटी यांतला फरक पुन्हा पहिल्यापासून हवा होता.